सहा की सात? बरणीतल्या एका खोलसमुद्री माशाचं नाव शोधताना

बरणीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं होतं: ‘मॅक्रुरस? ट्रॉल, ४१० मी., हिंदी महासागर’. मॅक्रुरस हे खोलसमुद्री माशांच्या एका गटाचं नाव, आणि ट्रॉल म्हणजे जहाजामागे ओढत नेलेलं जाळं. खाली तारीख असावी, पण तिथला कागदच विरून गेला होता. ही बरणी माझ्या टेबलावर आली ९ जानेवारीला आणि तिच्यात नवी चिठ्ठी पडली १७ जुलैला. सहा महिने आणि एक मासा. त्यातले पाच आठवडे तर मी चुकीच्या वाटेनेच चालत होते. ओळखकिल्ल्या (एकेका लक्षणाचा फाटा घेत नावापर्यंत नेणारे तक्ते) सापडतात, शोधनिबंधही सापडतात, पण मासा हातात घेतल्यावर माणसाची कशी फजिती होते ते कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी माझी पात्रता सांगते. मी गोड्या पाण्यातल्या माशांवर शिकलेली. एका संग्रहातल्या जुन्या बरण्यांची नव्याने नोंद करायचं तात्पुरतं काम मिळालं होतं. ज्यांना कुणी हात लावत नाही अशा बरण्यांचं एक कपाट तिथे होतं, आणि ते नव्या माणसाच्या वाट्याला येतं. समुद्राच्या चारशे मीटर खाली काय राहतं याची माझी कल्पना तेव्हा फोटोंपुरतीच होती.

मासा ग्रेनेडियर नावाच्या कुलातला आहे हे ओळखायला मात्र कुणाची मदत लागत नाही. मोठं डोकं, टपोरे डोळे, आणि मग सगळं अंग मागे निमुळतं होत होत दोऱ्यासारखं संपतं. शेवटी शेपटीचा पर नाहीच. इंग्रजीत यांना ‘रॅटटेल’ही म्हणतात. मराठीत नाव नसल्यामुळे मी आणि प्रयोगशाळेतल्या काकांनी त्याला ‘उंदीरशेपट्या’ म्हणायला सुरुवात केली. नंतर कळलं की याच कुलात नेझुमिया नावाची एक प्रजाती आहे आणि जपानीत ‘नेझुमी’ म्हणजे उंदीरच. म्हणजे हे सगळ्यांनाच सुचतं. कुलाचं नाव मॅक्रुरिडी, ग्रीकमध्ये अर्थ लांब शेपटी. हे कॉड माशाचे नातेवाईक, गॅडिफॉर्मिस गणातले. जाती सुमारे चारशे. (वर्तमानपत्रांत ‘स्पीशीज’ला सर्रास प्रजाती म्हणतात. इथे मी जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस असंच धरलंय, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.)

चारशेतला हा कोणता, एवढाच प्रश्न होता.

जानेवारी: अर्ज

पहिले तीन आठवडे मासा बरणीतच होता. नमुना बाहेर काढून तपासायला अर्ज लागतो, अर्जात नोंदणी क्रमांक लागतो, आणि या बरणीला क्रमांकच नव्हता. कारण विचारलं तर उत्तर आलं की ओळख पटलेली नाही म्हणून क्रमांक दिलेला नाही. ओळख पटवायला बाहेर काढायचा तर क्रमांक हवा. हे चक्र मी दोनदा फिरले. शेवटी संग्रह सांभाळणाऱ्या मॅडमनी सोडवलं. “अगं, कुलापर्यंत ओळख आहे ना? मग ‘मॅक्रुरिडी, अनिश्चित’ असा क्रमांक घे. नाव नंतर बदलता येतं, क्रमांक बदलत नाही.” १२ जानेवारीचा अर्ज २ फेब्रुवारीला मंजूर होऊन आला. तुमच्याकडे अशी बिननोंदीची बरणी आली तर पहिल्याच दिवशी हे करा. अपुऱ्या नावाने नोंद करणं हा गुन्हा नाही, नोंद न करणं हा आहे.

अर्जात ‘नमुन्याला इजा होईल का?’ असा एक रकाना होता. मी बेधडक ‘नाही’ लिहिलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

फेब्रुवारी: मोजमाप

३ फेब्रुवारीला मासा बाहेर आला. तो फॉर्मलिनमध्येच राहिलेला होता, अल्कोहोलमध्ये कधी बदललेलाच नव्हता. फॉर्मलिनचा वास तुम्हाला माहीत असेल. नसेल तर असू दे. हातमोजे, चष्मा आणि धूर ओढणारं कपाट याशिवाय बरणी उघडू नका, कारण ते कर्करोगकारक आहे आणि पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. दोन दिवस मासा पाण्यात ठेवला, रोज दोनदा पाणी बदललं, मग टप्प्याटप्प्याने सत्तर टक्के अल्कोहोल.

पाण्यातून काढून ट्रेमध्ये ठेवल्यावर त्याची अवस्था नीट दिसली. चारशे मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या चाळीसपट असतो. जाळं वर येताना पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे खोबणीतून पुढे येतात, जठर उलटून तोंडात येतं. शिवाय जाळ्यात टनभर माशांबरोबर घासून खवले जातात. या माशाच्या डाव्या कुशीवरचे खवले बऱ्यापैकी शाबूत होते, उजवीकडचे जवळजवळ गेलेले. पोटाखाली एक फाटलेली जागा होती. आणि शेपटी तुटलेली.

शेपटी तुटणं या कुलात इतकं नेहमीचं आहे की एकूण लांबीवर कुणी विसंबतच नाही. तुटलेलं टोक काही वेळा भरून येतं आणि खोटी शेपटी तयार होते, त्यामुळे तुटलीय हेही कळत नाही. सगळी मापं डोक्याच्या लांबीशी तोलायची: डोळा डोक्याच्या किती टक्के, मुस्कट किती टक्के, हनुवटीची मिशी किती टक्के. चार्ल्स गिल्बर्ट आणि कार्ल हब्ज यांनी ‘अल्बट्रॉस’ जहाजाने आणलेल्या जपानी ग्रेनेडियरांवर १९१६ मध्ये लिहिलं, त्यातली मोजायची पद्धत आजही शोधनिबंधांत आधाराला घेतली जाते. माझ्या माशाचं डोकं ७१ मिलिमीटर, डोळा २२. मापं घेताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक माप तीनदा, आणि तिसऱ्यांदा मोजताना आधीचे आकडे झाकलेले. मी झाकत नव्हते. माझी तिन्ही मापं सुरेख जुळायची.

किल्लीबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९० मध्ये जगभरच्या गॅडिफॉर्म माशांची सचित्र सूची काढली. कोहेन, इनाडा, इवामोतो आणि शालाब्बा हे तिचे लेखक. ती फुकट उतरवून घेता येते आणि सुरुवात तिथूनच करावी. मात्र नंतर नव्या जाती सापडल्यात, काही नावं बदललीत. त्यामुळे किल्लीतून जे नाव निघेल ते कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘कॅटलॉग ऑफ फिशेस’मध्ये टाकून आज ते वैध आहे का ते पाहायचं. तोही जालावर फुकट आहे.

सुरुवातीचे फाटे सोपे गेले. पाठीवर दोन पर, दुसरा अगदी ठेंगणा आणि त्याच्या समोरचा, खालच्या अंगाचा गुदपर उंच. याच्या उलट असतं, म्हणजे पाठीचा पर उंच आणि खालचा ठेंगणा, तर बॅथिगॅडस किंवा गॅडोमसकडे जावं लागलं असतं. तसं नव्हतं. छान. मग तो प्रश्न आला ज्यावर हा सगळा लेख उभा आहे: ब्रँकिओस्टीगल सहा की सात?

कल्ल्याचं झाकण उचललं की त्याच्या खालच्या कडेला एक पडदा दिसतो. छत्रीच्या कापडासारखा. त्या पडद्याला ताणून धरणाऱ्या बारीक हाडांच्या काड्या म्हणजे ब्रँकिओस्टीगल. कॉरिफीनॉइडिस, सीलोरिंकस, मॅक्रुरस यांच्यात त्या सहा असतात. नेझुमिया, व्हेंट्रिफोसा, मॅलॅकोसेफॅलस, हायमेनोसेफॅलस यांच्यात सात. एका काडीवरून कुलाचे मोठे दोन भाग पडतात.

१० फेब्रुवारीला मी मोजल्या. सहा. वहीत लिहिलं ‘६’, खाली रेघ मारली आणि पुढे निघाले.

पाच आठवडे

सहा म्हटल्यावर माझ्यासमोर मुख्यतः दोन दारं होती. सीलोरिंकसच्या डोळ्याखाली जाड खवल्यांची एक कणखर धार असते, बोटाला लागते. माझ्या माशाचं डोकं मऊ. म्हणून तो गेला. राहिला कॉरिफीनॉइडिस, साठहून जास्त जातींचा पसारा. मी आत शिरले.

आता मागे वळून वही वाचते तेव्हा दिसतं की मासा मला रोज सांगत होता आणि मी ऐकत नव्हते. पहिल्या पाठपराचा दुसरा काटा: बहुतेक कॉरिफीनॉइडिसमध्ये त्याची पुढची कड करवतीसारखी दातेरी असते. माझ्या माशाचा काटा बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं तरी गुळगुळीत. वहीत मी लिहिलंय, ‘दाते झिजले असावेत’. खवले इतके बारीक आणि त्यांच्यावर इतके सूक्ष्म काटे की अंगावरून हात फिरवला तर मखमल वाटावी. वहीत: ‘जतन करताना बदल?’. गुदद्वार: कॉरिफीनॉइडिसमध्ये ते गुदपराच्या अगदी लगत असतं. मला ते लगत दिसलं. खरोखर दिसलं, मी त्याचं चित्रही काढलंय. ती पोटाखालची फाटलेली जागा होती.

आणि खोली. कॉरिफीनॉइडिस हे एकूणच जास्त खोलातले मासे. त्यातला कॉरिफीनॉइडिस याक्विनी तर सहा हजार मीटरच्याही खाली सापडतो. काही जाती उथळही येतात हे खरं, पण ४१० मीटर पाहून निदान भुवई तरी वर जायला हवी होती. मी चिठ्ठी लिहिणाऱ्यावरच संशय घेतला. त्याने एक शून्य गाळलं असेल, अशी टीप आहे माझी. दुसऱ्याच्या अक्षरावर शंका घेणं किती सोपं असतं पाहा.

त्या काळात मी रात्री घरी जाऊनही माशाबद्दलच बोलायचे. आल्फ्रेड अल्कॉक या डॉक्टर-निसर्गतज्ज्ञाने ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून १८८८ नंतरच्या काही वर्षांत हिंदी महासागरातल्या कितीतरी ग्रेनेडियरांची वर्णनं केली. ती जुन्या इंग्रजीतली वर्णनं वाचत बसायचे. आवडायला लागली होती. कामाच्या दृष्टीने शून्य उपयोग, कारण मी चुकीच्या प्रजातीतली वर्णनं वाचत होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे चौदा उमेदवार जातींचा तक्ता तयार होता आणि चौदाही नापास होत्या. तेव्हा मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. नवी जात! दोन दिवस मी मनातल्या मनात नावही ठरवत होते.

१८ मार्चला मॅडमना तक्ता दाखवला. त्यांनी तो पाहिलाच नाही. विचारलं, “दोन्ही बाजूंनी मोजल्यास का?”

“काय, मॅडम?”

“काहीही. काड्या, काटे. डावीकडून मोजल्यास की उजवीकडून?”

डावीकडून. उजवी बाजू खराब म्हणून सगळं डावीकडून.

त्या दिवशी उजवीकडचं झाकण उचललं. खवले नसल्यामुळे तिथली त्वचा पातळ आणि पारदर्शक झाली होती, म्हणजे जी बाजू मी टाकून दिली होती तीच जास्त बोलकी निघाली. मायक्रोस्कोपखाली खालून दिवा लावला आणि बोथट सुईने एकेक काडी हलवत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि घशाजवळ, सगळ्यात पुढे, मांसात अर्धी रुतलेली, केसाएवढी सातवी. पुन्हा डावीकडे आले. तिथेही होती. फॉर्मलिनने ताठ झालेल्या त्वचेखाली दडली होती, सुई लावल्यावर हलली.

काका शेजारी बरण्या पुसत होते. मी नुसतीच बसून राहिलेली पाहून म्हणाले, “काय झालं, पळाला का मासा?”

पुढच्या माणसासाठी कृती लिहून ठेवते. काड्या वरून मोजू नका, घशाकडून मोजायला सुरुवात करा, कारण लहान काड्या पुढे असतात आणि त्याच हुकतात. प्रत्येक काडी सुईने हलवा. हलली तरच ती काडी, नुसती रेघ दिसली तर ती त्वचेची घडीही असू शकते. दोन्ही बाजू मोजा. आणि एक्स-रे काढता येत असेल तर आधीच काढा. मी तो एप्रिलमध्ये काढला, तेव्हा त्यात सात रेघा स्वच्छ दिसल्या. मणक्यांची संख्याही त्यातच मिळते आणि माशाला ओरखडाही येत नाही. यंत्र दुसऱ्या विभागाचं होतं, पाळी यायला एकोणीस दिवस लागले, प्लेटचे पैसे मी भरले. फेब्रुवारीतच भरले असते तर पाच आठवडे वाचले असते.

पोटावरची खिडकी

सात म्हटल्यावर मी वही मिटली आणि मासा उताणा केला, जणू आजच बरणीतून निघालाय.

गुदद्वार गुदपरापासून बरंच पुढे होतं, पोटाच्या परांच्या जवळ. आणि पोटाच्या परांच्या बुडांमध्ये, नेमक्या मधोमध, बिनखवल्यांचा काळा डाग. घेवड्याच्या दाण्यासारखा वाकलेला. फेब्रुवारीत मी त्याला ‘घासलेली जागा’ म्हणून नोंदलं होतं. त्याच्या मागे, गुदद्वाराच्या अगदी पुढ्यात, आणखी एक छोटा डाग. घासून असे दोन नेटके, मध्यरेषेवरचे डाग पडत नाहीत.

त्या खिडक्या आहेत. आत प्रकाश देणारी ग्रंथी असते, तिच्यात प्रकाशणारे जीवाणू राहतात, आणि त्वचेच्या या उघड्या जागेतून उजेड खाली पडतो. हे वाचताना मला सापडलेली सगळ्यात सुंदर गोष्ट पोर्तुगालच्या सेझिंब्रा गावातली. तिथले कोळी अशाच एका माशाचं पोट दाबून त्यातला चमकणारा द्रव आमिषाच्या मांसावर चोळत. आमिष अंधाऱ्या पाण्यात लुकलुकायचं आणि मासे यायचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे शास्त्रज्ञांनी नोंदवलं. तो मासा म्हणजे मॅलॅकोसेफॅलस लीव्हिस. मॅलॅकोसेफॅलस म्हणजे मऊ डोक्याचा. लीव्हिस म्हणजे गुळगुळीत.

माझ्या ट्रेमध्ये मऊ डोक्याचा, मखमली अंगाचा, गुळगुळीत काट्याचा मासा दीड महिना पडला होता.

नाव आवडलं म्हणून लगेच चिकटवायचं नाही हे मात्र मी तोवर शिकले होते. सात काड्यांच्या बाकीच्या प्रजाती एकेक करून पाहिल्या. नेझुमिया आणि व्हेंट्रिफोसा जवळच्या, त्यांच्याही पोटावर खिडकी असते. पण त्यांच्या बहुतेक जातींत दुसरा काटा दातेरी आणि खालच्या जबड्यातले दात पट्ट्याने असतात. माझ्या माशाच्या खालच्या जबड्यात मोठे, एकमेकांपासून सुटे दात एकाच ओळीत होते. वरच्या जबड्यात बाहेरची ओळ मोठ्या दातांची, आत बारीक. खालच्या जबड्याचे दात पाहताना ओठ चिमट्याने ओढू नका, हवेच्या बारीक झोताने पाणी उडवून पाहा. माझ्याकडून एक दात तुटला. तो आता एका छोट्या कुपीत आहे, त्याच क्रमांकाखाली.

प्रजाती ठरली. २६ मार्च. मॅलॅकोसेफॅलसमध्ये जाती मोजक्याच आहेत. चारशेवरून सहा-सातवर आले आणि वाटलं, आठवडाभरात संपेल.

एप्रिल ते जून: वाट पाहणं

जातीच्या पातळीवर फरक दिसतात ते परांतल्या काट्यांच्या संख्येत, मापांच्या प्रमाणात, खिडकीच्या आकारात, खवल्यांच्या ओळींत. पहिल्या पाठपरात दोन काटे आणि १२ किरण, म्हणजे पराला ताणून धरणारे मऊ काटे (पहिला काटा इवलासा, त्वचेखाली लपलेला, तो विसरू नका), पोटाच्या परात दोन्हीकडे ९ किरण. हे सगळं लीव्हिसच्या वर्णनात बसत होतं, पण भाईबंदांपासून पुरतं वेगळंही पडत नव्हतं. दुसऱ्या पाठपरापासून पार्श्वरेषेपर्यंत (कुशीवरून लांबवर जाणारी रेघ) खवल्यांच्या ओळी मोजायच्या, तर नेमक्या तिथे डाव्या कुशीवरही एक टक्कल. आणि हातात एकच मासा. एका माशावरून हा फरक जातीचा की त्याच्या एकट्याचा, हे कसं सांगणार?

मग डीएनए. सर्वांना वाटतं तसं मलाही वाटलं की तुकडा पाठवायचा आणि नाव परत येणार. तुकडा कापणं म्हणजे नमुन्याला इजा, आणि अर्जात मी ‘नाही’ लिहून बसले होते. नवा अर्ज, समितीची बैठक, बैठकीला कोरम नाही, पुढची बैठक. ४ एप्रिल ते ११ मे. उजव्या कुशीतून, वाटाण्याएवढा तुकडा काढायची परवानगी मिळाली.

तो विमानाने दुसऱ्या प्रयोगशाळेत जायचा होता. कुरियरवाल्याने आत अल्कोहोल आहे ऐकून पाकीट परत दिलं. यासाठी हवाई वाहतुकीच्या आयाटा नियमांत ए-१८० नावाची खास तरतूद आहे, ती पाठ करून जा. नमुना अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडात गुंडाळायचा, पिशवी उष्णतेने बंद करायची, आत सुटा द्रव ३० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. ती पिशवी शोषक कागदासह दुसऱ्या पिशवीत, मग कडक खोक्यात, आणि खोक्यावर हे संशोधनाचे नमुने आहेत, निर्बंधित नाहीत, ए-१८० लागू आहे असं ठरलेल्या शब्दांत लिहायचं. दुसऱ्या दिवशी छापील नियम घेऊन गेले तेव्हा तोच माणूस दोन मिनिटांत पावती फाडून मोकळा झाला.

८ जूनला निकाल आला: काहीही मिळालं नाही. ओळखीसाठी वाचतात तो सीओआय जनुकाचा तुकडा साधारण ६५० अक्षरांचा असतो. फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या मांसात डीएनए तुटतो आणि प्रथिनांशी असा जखडतो की सलग लांब तुकडा निघणं कठीण. हे मला कुणी आधी सांगितलं नाही असं म्हणणार नाही. मॅडमनी सांगितलं होतं. मीच म्हटलं, प्रयत्न तर करू. प्रयत्नाचे पैसे आमच्या किरकोळ खर्चाच्या खात्यातून गेले आणि त्या तिमाहीत नव्या बरण्या आल्या नाहीत. तुम्ही स्वतः जहाजावर असाल तर मासा फॉर्मलिनमध्ये घालायच्या आधी स्नायूचा एक तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये काढून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

याच काळात एका परदेशी तज्ज्ञांना लिहिलं होतं. २० एप्रिलची ईमेल, उत्तर ३ जूनला. त्या चव्वेचाळीस दिवसांत मी ईमेल किती वेळा उघडून पाहिली ते विचारू नका. पाठवायच्या आधी मॅडमनी माझा दीड पानांचा मजकूर सात ओळींवर आणला होता. “गोष्ट नको, आकडे पाठव.” मापांचा तक्ता, एक्स-रे आणि सहा फोटो: कूस, उताणं पोट, खिडकी जवळून, काटा, दात, काड्या. प्रत्येक फोटोत मोजपट्टी. उत्तर चार ओळींचं होतं आणि पहिल्या ओळीत त्यांनी विचारलं होतं की ब्रँकिओस्टीगल दोन्ही बाजूंनी मोजले आहेत का. मी हसत सुटले. मोजले आहेत, असं लिहिताना इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढच्या पत्रात त्यांनी प्रजातीला दुजोरा दिला आणि जातीबद्दल लिहिलं की लीव्हिस असण्याची शक्यता बरीच आहे, पण या अवस्थेतल्या एकाच नमुन्यावरून आपण स्वतः ‘सीएफ.’ लावलं असतं. लॅटिन ‘कॉन्फर’चं हे लघुरूप, म्हणजे ‘ताडून पाहा’. ओळखणाऱ्याने लिहून दिलेली कबुली: इथपर्यंत आलो, पुढचं पाऊल पक्कं नाही.

मला ते आधी अपयशच वाटलं. सहा महिन्यांनी आणि ‘बहुतेक’? मग दक्षिण महासागरातल्या मॅक्रुरसची हकिगत वाचनात आली. तिथे टूथफिश नावाच्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत आणि गळांना येणाऱ्या एका ग्रेनेडियरला वर्षानुवर्षं सगळे मॅक्रुरस व्हिट्सोनी म्हणून नोंदवत होते. २०११ मध्ये डीएनएने दाखवलं की त्या एका नावाखाली दोन जाती आहेत. २०१२ मध्ये दुसरीला मॅक्रुरस कॅमल हे नाव मिळालं, अंटार्क्टिक समुद्री जीवांच्या गणनेच्या प्रकल्पाच्या आद्याक्षरांवरून. वेगळेपणा सापडल्यावर तो दातांच्या ओळींत आणि पोटाच्या परांच्या किरणांतही दिसला. म्हणजे खुणा माशावर होत्याच. त्या जुन्या नोंदींत व्हिट्सोनीच्या पुढे कुणी ‘सीएफ.’ लिहिलं असतं तर पुढच्याचं काम सोपं झालं असतं.

१७ जुलै

चिठ्ठी लिहिणं हेही एक काम आहे. कागद खास, अल्कोहोलात न विरणारा. शाई चालते ती ठरावीकच, नाहीतर सरळ पेन्सिल. मी लिहिलं: मॅलॅकोसेफॅलस सीएफ. लीव्हिस लो, १८४३. मॅडमनी परत दिली. “कंस?” रिचर्ड लो हे मदिरा बेटावरचे पाद्री. त्यांनी १८४३ मध्ये या माशाचं वर्णन केलं तेव्हा त्याला मॅक्रुरस प्रजातीत घातलं होतं. मॅलॅकोसेफॅलस ही प्रजाती ग्युंटर यांनी १८६२ मध्ये वेगळी काढली. जात मूळ प्रजातीतून हलली की वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल कंसात जातं. दुसरी चिठ्ठी लिहिली, कंसासकट. खाली ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष, आणि ओळख कशावरून केली ते: ‘काड्या ७+७, काटा गुळगुळीत, खिडक्या दोन, एक्स-रे आहे, ऊतक निष्फळ’. शेवटचे दोन शब्द नियमात नाहीत, मी घातले. पुढचा कुणी पुन्हा मांस कापायला जाऊ नये म्हणून.

जुनी चिठ्ठी काढायची नसते. तीही आतच राहते, नव्या चिठ्ठीच्या मागे. त्या कुणाच्या तरी पेन्सिलीतलं ‘४१० मी.’ अगदी बरोबर होतं, शून्य कुठेही गळालेलं नव्हतं. नोंदवहीत खोलीच्या रकान्यापुढची माझी शंकेची टीप मी खोडली आणि खोडल्याची तारीख टाकली.

काकांनी बरणीचं झाकण घट्ट केलं, कडेला मेण लावलं आणि विचारलं, “मग, आता काय म्हणायचं याला?” मी नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, “उंदीरशेपट्याच बरं.”

कपाटात आणखी अकरा बरण्या आहेत. पुढची काल उघडली, मासा पाण्यात आहे, उद्या दुपारी बाहेर काढेन. चिठ्ठीवर ‘मॅक्रुरस?’ आहेच. यावेळी एक्स-रेचा अर्ज आधी दिलाय आणि इजेच्या रकान्यात ‘गरज पडल्यास’ असं लिहिलंय.